जगदंबेच्या नाकातला भुंगा

आमच्या घरात ऊन न लागलेलं तोंड एकच, आणि ते लाकडाचं आहे. बाकीच्यांची तोंडं चैत्र लागला की तव्यावरच्या भाकरीसारखी होतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

यंदा मात्र आमची लेक रविना जव्हारच्या कॉलेजातून सुट्टीला आली ती मोबाईलमधली एक बाई सोबत घेऊन आली. ती बाई पांढऱ्या खोलीत पांढऱ्या खुर्चीवर बसते आणि उन्हाळ्यात त्वचा कशी जपायची ते सांगते. भर दुपारी घराबाहेर पडू नका म्हणते. सकाळ-संध्याकाळ गार पाण्यानं अंघोळ करा म्हणते. मी रविनाला म्हटलं, "तिला सांग, आमची विहीर उचलून अंगणात आणून दे, मग बघ मी पाय बाहेर टाकते का." सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. उन्हाळ्यात इथं हंडाभर पाण्याला डोंगर उतरावा लागतो, आणि ही म्हणते दोनदा अंघोळ करा. बाई गं, तू ये, तुला एकदा घालते अंघोळ.

त्या बाईची एक गोष्ट तेवढी माझ्या डोक्यात राहिली. नवीन काही तोंडाला फासायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं, जरासं लावून बघायचं. एक दिवस थांबायचं. लाल झालं नाही तरच तोंडाला. तेव्हा मी हसले होते. आमच्या तोंडाला लागतो घाम आणि लागते धूळ, दोन्ही जन्मापासून तपासलेलं. पण पुढं तेच कामाला आलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

तर ते लाकडाचं तोंड. ते आहे जगदंबेचं. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो, म्हणजे देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. मोठाले मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर माणसं नाचतात. गणपती निघतो, भीम निघतो, नरसिंह निघतो, त्राटिका निघते, आणि अगदी शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता जगदंबा निघते, म्हैसासुराला मारते, आणि सगळे जेवायला जातात. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे. जगदंबेचा मान आमच्या घराकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, सुकऱ्याकडे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. त्याला जे झालं ते नाव घेतल्यानं झालं नाही, तेच तर सांगायला बसलेय.

सुकऱ्याला वर्षभर कोणी विचारत नाही. पावसात दुसऱ्याच्या शेतात भाताची आवणी, म्हणजे लावणी, दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टी. तिथं त्याला 'ए जव्हार' अशी हाक मारतात, आणि आम्ही तर मोखाड्याचे. पण त्या एका सकाळी तोंडावर मुखवटा चढला की सरपंच त्याच्या पाया पडतो, रेशनवाला पडतो, भट्टीचा मुकादम गावात असेल तर तोही पडतो. सुकऱ्या सांगत नाही, पण मी बायको आहे, मला कळतं. तो माणूस त्या एका सकाळच्या जोरावर सगळं वर्ष काढतो.

आता त्यातली गंमत बघा. देवी बाई. तिची साडी बाईची, बांगड्या माझ्या हातातल्या, चोळी मी टाचलेली. पण मुखवट्याला बाईनं हात लावायचा नाही! लावला तर देवी कोपते आणि मान दुसऱ्या घराकडे जातो. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूला विचारलं होतं, "देवीला बाईचं वावडं कशाला गं, ती सवत हाय का आपली?" माझी सासू नवशी फार बोलत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चुलीत लाकूड सारलं.

बोहाडा तोंडावर आला तसा सुकऱ्या भट्टीवरून परतला. आल्या आल्या माळ्यावर चढला, कापडात गुंडाळलेली देवी खाली काढली आणि भर दुपारी अंगणात मुखवटा बांधून पावलं बसवायला लागला. सावरीचं लाकूड हलकं म्हणतात, पण तोंडावर बांधून उन्हात नाचा म्हणजे कळेल. देवीचं नाक तर एवढं, की एकेका नाकपुडीत बोट जाईल. मुखवट्याच्या खालून घामाच्या धारा, छाती भिजलेली, आणि हा आपला नाचतोय. "अरे, सावलीत तरी नाच!" मी ओरडले. आतून आवाज आला, "देवी काय सावलीत नाचते काय?" खूश होता अगदी. रविना म्हणाली, "बाबाला सनस्क्रीनची गरजच नाही, सगळं तोंड झाकलंय."

दुसऱ्या दिवशी तो तोंड खाजवत उठला. मी म्हटलं घामोळ्या. संध्याकाळपर्यंत कपाळ लाल. तिसऱ्या दिवशी उठला तर डोळेच उघडेनात. गाल फुगलेले, ओठ फुगलेले, कपाळावर आणि हनुवटीवर पाण्यानं भरलेले फोड. खरं सांगते, आधी मला हसूच आलं. म्हटलं, "जगदंबा बांधायला गेलास आणि म्हैसासुर होऊन बसलास की रे." मग त्यानं हात पुढं करून चाचपडत माझा हात धरला, तेव्हा हसू पळालं.

रविनानं काकडीच्या चकत्या केल्या. काकडी तरी कुठली, बाजारातून आणलेली एकच होती, तीही सकाळी चटणीबरोबर खायची म्हणून. ती बापाच्या डोळ्यांवर ठेवली. तेवढ्यात ढवळू आला. ढवळू म्हणजे सुकऱ्याचा चुलतभाऊ. ठाण्यात कुठल्यातरी बिल्डिंगवर वॉचमन असतो, म्हणून अर्धं हिंदी बोलतो. "टेन्शन मत लो वहिनी, ये ट्यूब लगाव. पूरा चाळ लगाता है." रविनानं ती ट्यूब उलटीपालटी करून वाचली आणि त्याच्याच खिशात परत घातली. "काका, हे लावून तोंडाचं कातडं पातळ होतं. तुम्हीच लावा."

जीपनं मोखाड्याला नेला दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चांगली होती. गोळ्या दिल्या, पांढरं औषध दिलं, आणि विचारलं, "तोंडाला काही नवीन लावलं होतं का?" सुकऱ्या म्हणाला, "नाय." आणि ते त्याच्या दृष्टीनं खरंच होतं. देवी तोंडाला लावली, असं डॉक्टरला कोण सांगतं?

परत आलो तर अंगणात लहान्या भगत बसलेला. लहान्या आमच्या पाड्याचा भगत, देवाचं काय ते तोच बघतो. ढवळूनं बोलावून आणला होता. लहान्यानं तांदळाचे दाणे सुपात टाकले, इकडे सरकवले, तिकडे सरकवले, आणि असा चेहरा केला की जणू दाण्यांनी त्याला शिवी दिली. "देवी रागावली. तिच्या तोंडाचा चटका ह्याच्या तोंडाला लागला. ह्याच्या हातून कायतरी पाप घडलंय."

"म्हणजे यंदा सुकऱ्याच्या अंगावर देवी नाय येणार?" ढवळूनं विचारलं. विचारताना एवढं वाईट वाटल्याचं तोंड केलं, की मला दगड मारावासा वाटला.

"जी नाकारते तिच्यावर जबरदस्ती करायची नसते," लहान्या म्हणाला. "देवळापुढे बसू. मान तुमच्याच भावकीत राहील, ढवळूकडे देऊ." ढवळूच्या घराकडे आधीच भीमाचं सोंग. आता ह्याला देवीही पाहिजे. एका माणसाला तोंडं लागतात किती!

मी भांडले असते, पण माझं लक्ष सुकऱ्याकडे गेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "जमुने, मी काय केलं असंल गं?" मी म्हटलं काही नाही. तो म्हणाला, "भट्टीवर एकदा मुकादमाचा डबा खाल्ला होता चोरून. त्यात मासे होते. ते देवीच्या उपासाचे दिवस असतील का?" मग थोड्या वेळानं, "आणि आईला एकदा ढकललं होतं पिऊन." असं एकेक पाप शोधून काढत होता आणि माझं काळीज तुटत होतं. इतकी वर्षं संसार केला, ह्या माणसाच्या अंगात धड एक पापसुद्धा नाही. जी आहेत ती इतकी फुसकी की कुठल्याही देवीनं ऐकली असती तर हसली असती.

चिंचेचा पाला वाटला आणि त्याच्या तोंडाला लावायला बसले. लावता लावता बघते तर फोड सगळीकडे सारखे नाहीत. कपाळावर एक पट्टा, गालांच्या हाडांवर, हनुवटीवर. मुखवटा जिथं जिथं टेकतो तिथंच. आणि त्या पट्ट्याच्या कडेला काळपट डाग, धुतला तरी न जाणारा. तो डाग बघितला आणि मला माझा भाऊ आठवला. लहानपणी रानात बिब्बे गोळा करायला गेला होता आणि फळ फोडून तोच हात तोंडाला लावला. असाच सुजला होता, असेच डाग.

कोप कसला बोडक्याचा! बिब्बा उतलाय माझ्या नवऱ्याच्या तोंडावर.

बिब्ब्याचं तेल आम्ही पायांच्या भेगांत भरतो, लाकडाला भुंगा लागू नये म्हणून खांबाला चोपडतो. सुकलं की काही करत नाही. ओलं असताना उन्हानं आणि घामानं पाझरलं तर कातडी सोलून काढतं. पण मुखवट्याला आतून बिब्बा लावला कोणी? माळ्यावर चढतं कोण? मी उठून मागच्या दारी गेले. सासू तिथं बसून तूर निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आये, हात दाखव," मी म्हटलं.

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना."

तिनं दाखवले. बोटांची टोकं काळी. तिच्या हातांना बिब्बा काही करत नाही. भट्टी, नांगर, चूल, सगळं करून ते हात कधीचेच कातडीचे राहिलेले नाहीत.

"नाकात भुंगा लागला होता," ती खाली बघून म्हणाली. "पीठ पडत होतं देवीच्या नाकातून. पोर यायच्या आदल्या दिवशी आतून लावला. दिसत नाय मला नीट, जास्त लागला असंल." मग तिनं सगळं सांगितलं. माझा सासरा, ज्याच्या नाचाचं अजून नाव काढतात, बोहाडा संपला की दारू पिऊन पडायचा. देवी ओट्यावर कोंबड्यांत लोळायची. तेव्हापासून सासूच तिला उचलायची, पुसायची, तेल लावायची, पावसाळा संपला की मागून बिब्बा चोपडून माळ्यावर ठेवायची. सासऱ्याला माहीत होतं. त्यानंच तिला शपथ घातली होती, कोणाला सांगू नको म्हणून.

"तू पण सांगू नको," ती म्हणाली. "बाईचा हात लागला कळलं तर मान कायमचा जाईल. माझ्या पोराचं दुसरं काय हाय गं?"

घ्या! बोलावं तर मान जातो बाईमुळं, गप्प बसावं तर मान जातो पापामुळं. मी रविनाला सगळं सांगितलं. ती मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "आई, कोणी लावला ते नको सांगू. बिब्बा आहे एवढंच दाखव. कोपराच्या आत." त्या पोरीला कॉलेजात घातल्याचं मला पहिल्यांदाच समाधान वाटलं.

सकाळी देवळापुढे सगळा पाडा जमला. मुखवटा पाटावर मांडलेला. सुकऱ्याला मी धरून आणला होता, एक डोळा जेमतेम उघडा. लहान्यानं बोलायला सुरुवात करायच्या आधीच मी उभी राहिले.

"हा कोप नाय. बिब्बा हाय. मुखवट्याला आतून बिब्बा लागलाय."

"देवीला बिब्बा?" लहान्या खेकसला. "कोण लावंल? कोण गेलं तिच्याजवळ?"

"ते मागून बघू. आधी बिब्बा हाय का कोप हाय ते ठरवू. सुकऱ्या ओल्या फडक्यानं मुखवटा आतून पुसंल. ज्याला ज्याला वाटतं कोप हाय, त्यानं हात पुढं करायचा. फडकं कोपराच्या आत घासायचं आणि उद्यापर्यंत थांबायचं. ज्यानं पाप केलं नाय त्याला देवी काय करणार? करा पुढं हात."

अहाहा, काय एकेकाची गंमत! कोणाला खोकला आला, कोणाला बैल सोडायचा आठवला. लहान्या भगतानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आभाळाकडे बघायला लागला, जणू वरून कोणी हाक मारतंय. मी ढवळूकडे बघितलं. "काय रे भावजी? उद्यापासून सगळं तोंड घालणार तू तिच्यात. आज नुसता हात घाल."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ढवळूला ते सहन झालं नाही. "अरे घासो ना! डरता कौन है?" म्हणत त्यानं बाही वर केली. सुकऱ्यानं फडकं भिजवलं. तो अजून घाबरलेलाच होता, देवीची माफी मागत होता पुटपुटत. तिच्या कपाळाच्या आतून, नाकाच्या आतून फडकं फिरवलं आणि ढवळूच्या कोपराच्या आत घासलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमले. ढवळू शेवटी आला, हातावर टॉवेल गुंडाळून. "दाखव," मी म्हटलं. तो दाखवेना. त्याच्या आईनं, धाकलीनं, टॉवेल ओढून काढला. कोपरापासून दंडापर्यंत लालबुंद, सुजून टम्म, मधोमध फोड.

लहान्यानं मान हलवायला सुरुवात केली. "म्हणजे देवीनं ढवळूला पण..."

"काय देवी देवी लावलंय!" ढवळू किंचाळला. हिंदी कुठल्या कुठं पळालं. "बिब्बा हाय! डोळे फुटले का? साफ बिब्बा हाय हा! मी काय पाप केलंय?"

बघा, सुकऱ्याच्या वेळी कोप होता. ह्याच्या वेळी बिब्बा झाला. मी सुकऱ्याकडे बघितलं. त्याच्या सुजलेल्या तोंडावर काय उमटलं ते कळायला जागाच नव्हती, पण त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. पाप नव्हतं त्याच्या हातून घडलेलं. मला तेवढंच हवं होतं.

पण लहान्या असा सोडतोय होय! त्यानं काठी आपटली. "बरं, बिब्बा. मग लावला कोणी? सुकऱ्या भट्टीवर होता. घरात बायकाच होत्या. बाईचा हात लागला असंल तर देवी ह्या घरात राहायची नाय."

"उंदरानं लावला," मी म्हटलं. "मी बघितला. वाटी घेऊन चढत होता माळ्यावर."

लोक हसले, पण लहान्या हसला नाही. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "जमुने, देवीपुढं खोटं बोलते?" मी लावला म्हणावं तरी मान जातोच.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. माझी सासू उठली होती. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण तिला कुठं दिसतंय. ती चालत चालत पाटाजवळ आली आणि सगळ्यांच्या देखत, दोन्ही काळ्या हातांनी, तिनं देवीचं तोंड उचललं.

"मी लावला. जास्त लागला, पोराचं तोंड सोललं, ती माझी चूक. पण हात लावला त्यात काय चूक नाय. लग्न करून आले तेव्हापासून लावते. हिला कोंबड्यांतून उचलली मी. हिच्या डोळ्यातलं शेण काढलं मी. तुम्ही सगळे हिच्या पाया पडून जेवायला जाता, लहान्या, आणि मग हिला कोण बघतं ते विचारलं का कधी? इतकी वर्षं कोपली नाय. आता तू सांगतोस म्हणून कोपंल का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिला मी इतकी वर्षं मुकी समजत होते, ती भर पाड्यात बोलत होती, आणि मी, जिची जीभ दिवसभर थांबत नाही, ती गप्प उभी.

मग धाकली पुढे आली, ढवळूची आई. ती पोराच्या सुजलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "आमच्या भीमाला मीच पुसते."

"आये!" ढवळू ओरडला.

"काय आये? त्याची मिशी दरवर्षी गळते. कोण चिकटवतं, तू? माझ्याच केसांची हाय ती मिशी."

बायकांमध्ये एकदम खसखस पिकली, आणि मग जी तोंडं उघडली ती मिटेनात. गणपतीच्या घरची पुष्पा म्हणाली, "आमच्या गणपतीची सोंड उंदरानं खाल्ली होती. भाताच्या पेजेत कागद भिजवून मी नवीन केली." दुसरी म्हणाली त्राटिकेला ती खोबरेल लावते, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. तिसरी म्हणाली रावणाचं एक तोंड चुलीजवळ ठेवलं म्हणून जळलं, ते तिनं काजळानं रंगवलं, कोणाला कळलंसुद्धा नाही. प्रत्येकीला वाटत होतं की हे पाप आपण एकटीच करतोय! सगळे देव, सगळे राक्षस, वर्षभर बायकांच्या हातात, आणि पुरुष नुसते चढवून नाचणार. पुरुषांना एकाएकी आपापल्या चपला फार बघण्यासारख्या वाटायला लागल्या.

लहान्या भगताच्या घराकडे नरसिंहाचं सोंग. त्यानं हळूच आपल्या बायकोकडे बघितलं. ती बिचारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती हसली.

लहान्यानं घसा साफ केला. एकदा केला, पुन्हा केला. "मग... देवीला नीट पुसून घ्यायला पाहिजे," तो म्हणाला. "नवशीनंच पुसावी. तिला सवय हाय."

जगदंबा सगळ्यात शेवटी निघते हे बरं झालं. तोपर्यंत सुकऱ्याचे फोड सुकले, कातडीची सालं निघाली आणि खाली नवीन गुलाबी कातडी आली. मोबाईलवाली बाई म्हणते उन्हाळ्यातही चेहरा उजळ राहू शकतो. राहतो की, आमच्याकडे देवीच सोलून देते. देवीला सासूनं अंगणात, उजेडात, सगळ्यांदेखत पुसली. राखेनं घासली, उन्हात वाळवली, तेलाचं फडकं फिरवलं. मी माझं जुनं मऊ लुगडं फाडून मुखवट्याला आतून अस्तर लावलं. रविनानं ते अस्तर आधी बापाच्या कोपराच्या आत बांधून ठेवलं आणि दिवसभर दर थोड्या वेळानं उघडून बघत राहिली. लाल झालं नाही. डॉक्टरीणबाईनं आणखी थोडे दिवस काही घालू नको म्हणून सांगितलं होतं. पण त्या सकाळी त्याला अडवायला मी काय दगडाची आहे?

उजाडलं तसा संबळ वाजायला लागला. टेंभे विझवत आणले होते आणि डोंगरावरून पिवळा उजेड खाली येत होता. सुकऱ्या निघाला. माझ्या बांगड्या, मी टाचलेली चोळी, आणि ते मोठं लाल तोंड. काय नाचला! लोक दुतर्फा वाकत होते, नारळ पुढे करत होते. ढवळूनंही हाताला फडकं बांधून पाया पडून घेतलं. मी मनात म्हटलं, पड, नीट पड.

नाचत नाचत देवी माझ्या सासूपुढं आली आणि थांबली. सासू वाकली नाही. तिनं डोळे बारीक केले, तोंड जवळ नेलं, आणि सगळ्या पाड्यासमोर जगदंबेच्या नाकात बोट घातलं. आत फिरवलं. बाहेर काढून अंगठ्यावर चोळून बघितलं, पीठ पडतंय का. संबळवाल्याचा ताल चुकला. लहान्या भगतानं दुसरीकडे बघितलं.

"गेला भुंगा," सासू म्हणाली.

तेव्हा मुखवट्याच्या आतून, अगदी हळू, पोरासारखा आवाज आला. "आये, गालाला लय खाजतंय गं."

आणि माझ्या सासूनं, जिनं उभा जन्म चोरून त्या तोंडाला हात लावला होता, दिवसाढवळ्या जगदंबेच्या गालाखाली बोटं सारली आणि आपल्या पोराचा गाल खाजवायला लागली. देवी मान वाकडी करून उभी.

"आजी!" रविना गर्दीतून किंचाळली. "खाजवू नको, नवीन कातडी आहे!"

"गप गं," सासू म्हणाली आणि खाजवत राहिली.